बुचाबाहेरचं पाणी

दाराच्या कडीला अडकवलेली कापडी पिशवी सकाळी रिकामीच होती.

सुमेधानं तरीही आत हात घालून पाहिला. ना बेलाचं पान, ना तगरीचं फूल. करावे गावातली यशोदाबाई उजाडायच्या आत येऊन पिशवीत फुलं टाकून जायची, ते आज किती वर्षं चाललं होतं. घरी लग्नकार्य असो, अंगात ताप असो, फुलं चुकली नव्हती. पूजा झाल्याशिवाय सुमेधा चहाचा घोटही घेत नाही, हे यशोदाबाईला पक्कं ठाऊक. "तुजा देव दमानं घेईल बाय, पन तुजा चहा कशाला थांबवू मी?" असं म्हणून ती हसायची.

मार्गशीर्ष लागला होता. मार्गशीर्षात गुरुवार तर सुमेधा करायचीच, वर महिनाभरासाठी एखादा नेम धरायची. यंदाचा नेम होता, आवाज चढवायचा नाही. कॉलेजात नाही, घरात नाही, भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्यावरसुद्धा नाही. तिचा नवरा ऋषी हे ऐकून हसला होता. "तुझा आवाज मुळात चढतो कधी? उद्या मीही भांग न पाडण्याचा नेम धरतो," असं म्हणून त्यानं टकलावरून हात फिरवला होता.

पिशवी हातात घेऊनच ती खाली उतरली. सीवूड्सच्या त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत यशोदाबाई रोजच्या जागी टोपली घेऊन बसली होती. आज मात्र फाटकाकडे पाठ करून.

"यशोदाबाई, बरं नाही का?"

"बरी हाय."

"मग फुलं नाही टाकली आज?"

"फुलं हायेत. तुमाला नाय."

तुमाला! जन्मात कधी अहोजाहो न करणारी बाई आज मान न वळवता बोलत होती. सुमेधा पुढं होऊन तिच्यासमोर उकिडवी बसली.

"काय झालं? मला कळू तर दे."

"मॅडमना ठाव नाय काय जालं!" यशोदाबाईनं टोपलीवरचं ओलं फडकं असं झटकलं की शिंतोडे सुमेधाच्या चेहऱ्यावर उडाले. "तुमच्या कागदानं माज्या पोराला चोर केला. कुंदननं म्हने तलावाचा अ‍ॅसिड विकला. त्याचा फोटो सगल्यांच्या मोबाइलवर फिरतोय, स्कूटरवर डबा घेऊन चाललाय म्हून. त्यो डबा रिकामा व्हता! रिकामे डबे मीच आनायला सांगते त्याला. कापून त्यात तगरी लावल्यात मी. तुमच्या देवाला जी तगर व्हाता ना तुमी, ती त्या डब्यातलीच हाय!"

सुमेधाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सोसायटीचा ग्रुप ती उघडतच नसे.

"कालच तलावाची चावी काढून घेतली. रविवारी मीटिंग हाय, मंग पोलिसात देनार म्हनलाय तो शेक्रेटरी. पोलिसात नाव गेला का माज्या पोराला कोन उभा करील? तुमी कराल?"

"अगं, पण मी तर फक्त हिशेब..."

"त्योच हिशेब," यशोदाबाई म्हणाली आणि पुन्हा पाठ करून बसली.

*

हिशेब सुमेधाचाच होता, यात खोटं काही नव्हतं.

दिवाळीच्या आधी सेक्रेटरी सुभाषराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले होते. पोहण्याच्या तलावात मुलांचे डोळे चुरचुरतात, पाण्याचा पीएच सारखा वर जातो, तलाव सांभाळणारा कुंदन अंदाजपंचे अ‍ॅसिड ओततो. "मॅडम, तुमच्यासारखी केमिस्ट्रीची प्रोफेसर सोसायटीत असताना आम्ही अंदाजावर का चालायचं?" सुमेधाला बरं वाटलं होतं. कुणाला वाटणार नाही? तिनं तलावाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं, त्यातली क्षारता, म्हणजे सोड्याचं प्रमाण, मोजली आणि बफरचं नेहमीचं सूत्र लावलं. पाण्यात विरघळलेला सोडा आणि कार्बन डायऑक्साइड यांची जोडी म्हणजे बफरच. थोडं आम्ल पडलं तरी पीएच फार हलू न देणारं मिश्रण. दोघांचं गुणोत्तर काढायचं, त्याचा लॉग घ्यायचा, ठरलेल्या आकड्यात मिळवायचा. हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण. झोपेतून उठवलं तरी तिला येणारं.

दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एवढे लिटर अ‍ॅसिड, म्हणजे पीएच सात पॉइंट दोन. एका कागदावर तिनं हे लिहून दिलं. सुभाषरावांनी तो कागद लॅमिनेट करून पंपरूमच्या दाराला डकवला. वर मोठ्या अक्षरांत, "प्रा. सुमेधा मॅडम यांच्या शास्त्रीय सूत्रानुसार."

पेढ्यांचा बॉक्स दोन दिवसांत संपला. कागद तिथंच राहिला.

*

सुभाषराव ऑफिसात पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. सुमेधाला पाहून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"बसा, बसा! तुमच्यामुळेच तर चोरी पकडली गेली. तुमचा आकडा काय? सात पॉइंट दोन. मी स्वतः सकाळी पीएच मोजायचं पेन बुडवून बघतो तर सात पॉइंट आठ. प्रत्येक वेळी! मग अ‍ॅसिड गेलं कुठं? अर्धं तलावात, अर्धं बाजारात."

"त्याला विचारलंत तुम्ही?"

"विचारलं ना. म्हणतो, सगळं ओतलं. ते तसंच म्हणणार. मॅडम, तुम्ही साध्या. या गावातल्या लोकांना मी चांगला ओळखतो. जमिनी विकल्या, बंगले बांधले, तरी हात काही सुधारत नाही."

"कुंदनच्या आईनं बंगला बांधलेला नाही. ती फाटकाबाहेर फुलं विकते."

"तेच ते."

सुमेधाला ओरडावंसं वाटलं. नेम होता. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "सुभाषराव, सूत्र माझं आहे. ते मला एकदा पुन्हा तपासू द्या. तोवर कुणाला चोर म्हणू नका."

"गणितात चूक आहे का?"

"गणितात नाही."

"मग झालं तर!" ते हसले. "गणित खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. रविवारी या मीटिंगला. तुमचा सत्कारही उरकून घेऊ."

सत्कार! सुमेधा तरातरा जिना चढली. सुभाषरावांवरचा राग होताच. पण त्याच्याखाली दुसरा एक राग उकळत होता, आणि तो कुणावरचा आहे हे तिला बघायचं नव्हतं.

त्या दिवशी तिनं फुलांविना पूजा केली. नुसत्या अक्षता वाहिल्या. जपाला बसली तर खालून धबधब्याचा आवाज येत होता. तलावाच्या कडेला सुभाषरावांनी दिवाळीत हौसेनं बसवलेला, निळ्या दिव्यांचा धबधबा. तो रात्रंदिवस चालायचा. त्याच आवाजावर ती रोज माळ ओढायची.

*

दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात बफरच होते. दरवर्षी याच सुमाराला असतात. सुमेधानं फळ्यावर सूत्र लिहिलं, खाली रेघ ओढली आणि सवयीनं सांगायला लागली.

"हे सूत्र सोपं आहे म्हणून कुठंही लावायचं नाही. द्रावण फार पातळ असेल तर चालत नाही, कारण मग पाण्याचं स्वतःचं विघटन मध्ये येतं. आम्ल बऱ्यापैकी तीव्र असेल तरी चालत नाही, कारण घातलेलं आम्ल घातल्याइतकं उरतच नाही. गुणोत्तर दहाच्या पलीकडे गेलं की त्याला बफर म्हणायलाच अर्थ नाही. लिहून घ्या, परीक्षेत विचारतात."

मुलं लिहून घेत होती. सुमेधानं उदाहरण फळ्यावर उतरवायला घेतलं. "असे समजा की एका भांड्यात..."

खडू तिथंच थांबला.

असे समजा. किती वर्षं हे दोन शब्द ती फळ्यावर लिहीत आली होती. एका भांड्यात. भांड्याला बूच असतं. पुस्तकातल्या चित्रातही असतं, लॅबमधल्या फ्लास्कलाही असतं. आत जे घातलं ते आतच राहतं, हे कुणी लिहीत नाही, कारण ते परीक्षेत विचारत नाहीत. तीन मर्यादा ती दरवर्षी सांगायची. चौथी तिनं कधी सांगितलीच नव्हती.

आणि तलावाला बूच नव्हतं.

अ‍ॅसिड ओतलं की सोड्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाण्यात राहिला तर पीएच खाली राहतो. पण उघड्या पाण्यातून तो उडून जातो, सोडा वॉटरच्या बाटलीचं झाकण काढून ठेवल्यावर जातो तसा. त्यात रात्रभर धबधबा चालू. पाणी वर उचलायचं, फोडायचं, हवेत उडवायचं. सकाळपर्यंत गॅस पसार आणि पीएच पुन्हा जागेवर. कुंदननं सगळंच्या सगळं अ‍ॅसिड ओतलं असतं, त्याच्या दुप्पट ओतलं असतं, तरी सुभाषरावांचं पेन सकाळी वरचाच आकडा दाखवणार होतं.

ते पाणी तिला बाल्कनीतून रोज दिसत होतं. कानांवर रोज पडत होतं. माळ ओढत ती ते ऐकत होती!

"मॅडम, पुढं?" पहिल्या बाकावरून जाईनं विचारलं.

"पुढं?" सुमेधा म्हणाली. "पुढं चौथा मुद्दा लिहा. भांडं बंद आहे की उघडं, ते आधी बघा. आणि परीक्षेत नाही विचारलं तरी लिहा."

तिचा आवाज खालीच होता. हातातल्या खडूचे दोन तुकडे झालेले तिच्या नंतर लक्षात आले.

*

नुसतं 'गॅस उडाला' म्हणून भागणार नव्हतं. सुभाषराव म्हणाले असते, गॅसही उडाला आणि अ‍ॅसिडही विकलं. कुंदननं अ‍ॅसिड खरोखर तलावातच ओतलं, हे कोण सांगणार? बघायला कुणीच नव्हतं. पाणी होतं फक्त.

पाण्यालाच विचारावं लागणार होतं. गॅस उडून गेला तरी अ‍ॅसिडनं जितका सोडा खाल्ला तितका खाल्लाच. तो परत येत नाही. पीएच पुन्हा वर चढला तरी क्षारता चढत नाही. कुंदन खरं बोलत असेल, तर दिवाळीपासून तलावाची क्षारता ओतलेल्या अ‍ॅसिडच्या हिशेबानं घटलेली असणार. आणि दिवाळीआधीचा आकडा तिच्याकडे होताच, तिनंच मोजलेला.

सुमेधानं तलावातून पुन्हा बाटली भरून नेली. लॅबमध्ये तिनं ब्युरेटच्या, खुणा असलेल्या काचनळीतून थेंब थेंब आम्ल सोडलं. मागच्या वेळी रंगसूचक घातलेलं पिवळं पाणी तांबूस व्हायला बराच वेळ लागला होता. या वेळी ते अर्ध्या वाटेतच तांबूस झालं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. मधल्या काळात भरलेलं नवं पाणी धरूनही हिशेब जुळत होता. कॅन भरून आणलेलं अ‍ॅसिड तलावातच गेलं होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता, पण संतापच आला. एवढं सोपं होतं हे! कुणाच्या लेकराचा फोटो फिरवण्याआधी कुणालाही करता आलं असतं. तिलाही.

संध्याकाळी तिनं ऋषीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सुभाषला एकटं गाठून सांग ना. मीटिंगमध्ये कशाला? कागदावर नाव तुझं आहे. लोक हसतील तुला."

"फोटो एकट्यात फिरवला होता का त्यांनी?"

ऋषीनं माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन बाटल्या लागतील का तुला, एक बंद, एक उघडी? माशांच्या टाकीचा हवेचा पंप आहे आपल्याकडे. मासे मेले तेव्हापासून माळ्यावर पडलाय."

*

रविवारी क्लबहाउसमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. कुंदन दाराशी, भिंतीला टेकून, छातीवर हात बांधून उभा होता. उंच, सडसडीत पोरगा. त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. यशोदाबाई त्याच्या मागं, पायरीवर बसली होती. आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सुमेधानं पुढच्या टेबलावर दोन सारख्या बाटल्या ठेवल्या. दोन्हींत तलावाचं पाणी आणि पीएच तपासायच्या किटमधल्या लाल औषधाचे थेंब. दोन्हींत सगळ्यांसमोर मोजून सारखंच अ‍ॅसिड टाकलं. दोन्हींतलं पाणी पिवळं झालं. एका बाटलीला तिनं घट्ट बूच लावलं. दुसरीत पंपाची नळी सोडली आणि बटण दाबलं. बुडबुडे सुरू झाले.

"हे काय, मॅडम? सायन्स एक्झिबिशन?" सुभाषराव हसले. चारजण त्यांच्याबरोबर हसले.

"तुमचा पहिला विषय पार्किंगचा आहे ना? तो होऊ द्या. मी थांबते."

पार्किंगचा विषय नेहमीसारखाच झाला. कुणाची गाडी कुणाच्या रेघेवर, कुणाचा पाहुणा किती दिवस राहिला, कुणी कुणाचा आरसा मोडला. एक आजोबा तावातावानं उठले, बसले, पुन्हा उठले. बुडबुडे फुटत राहिले. ती सगळी भांडणं उरकेपर्यंत मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ती बाटली बघा!"

बुचाची बाटली पिवळीच होती. नळीची बाटली लाल झाली होती.

सुमेधा उठली. ती हळू बोलत होती, म्हणून सगळ्यांना गप्प बसावं लागलं. "दोन्हींत अ‍ॅसिड सारखंच आहे. या बाटलीतलं कुणी विकलं का? मी कागदावर जो आकडा लिहिला तो या बुचाच्या बाटलीचा. आपला तलाव ही दुसरी बाटली आहे, आणि सुभाषरावांचा धबधबा ही नळी. कुंदननं सगळं अ‍ॅसिड तलावातच ओतलंय, ते मी पाणी मोजून पाहिलंय. ज्याला शंका असेल त्यानं सोबत यावं, समोर पुन्हा मोजते. कागद चुकीचा होता. चूक माझी आहे."

सुभाषरावांनी घसा साफ केला.

"ठीक आहे. म्हणजे गैरसमज झाला. होतं असं. तक्रार नको करूया. मिनिट्समध्येही नको. कुंदन, उद्यापासून ये कामावर. विषय संपला."

"संपला कसा?" सुमेधा म्हणाली. "फोटो ग्रुपवर आहे. माफीही ग्रुपवरच यायला हवी. तुमची आणि माझी."

"मॅडम, आता ताणू नका. ठेवतोय ना त्याला? उपकारच आहेत. आणि खरं सांगू? आज नसेल केलं, उद्या करेल. गावची माणसं ही. एकदा सूट दिली की..."

"गप्प बसा!"

सुमेधाला आधी कळलंच नाही की ओरडलं कोण. मग घसा दुखला.

"गप्प बसा तुम्ही! चोरी झालीच नाही, तरी चोर हाच? पाणी मोजून झालं, बाटली समोर लाल झाली, तरी हाच? गणित खोटं बोलत नाही म्हणालात ना? मी बोलले खोटं! मी, कॉलेजात शिकवणारी, कागदावर सही करणारी! माझा फोटो का नाही फिरवलात? घ्या की, काढा आता! मला कुणी काही विचारलं नाही, कारण मी वरच्या मजल्यावर राहते. याचं कुणी काही ऐकलं नाही, कारण याची आई पायरीवर बसते!"

आजोबा पुन्हा उठले होते. या वेळी काही न बोलता ते दाराशी गेले आणि स्वतःची खुर्ची यशोदाबाईच्या पुढ्यात नेऊन ठेवली. ती बसली नाही.

सुभाषरावांनी खिशातून तलावाची चावी काढून टेबलावर ठेवली. "घे बाबा," ते कुंदनला म्हणाले. "घे, आणि मिटवा हे."

कुंदन टेबलापर्यंत आला. त्यानं आधी लाल बाटलीकडे पाहिलं, मग चावीकडे.

"मी सॉरी घ्यायला नाय आलो," तो म्हणाला. "चोर नाय एवढं ऐकायचं व्हतं. ऐकला. ग्रुपवर टाकाल ते टाका, सगल्यांनी बघू दे. पन या पान्यात आता मी हात नाय घालनार. द्रोणागिरीला गोडाऊनमधी काम मिलतंय, पोलिसात नाव गेला नसंल तर. गेला नाय ना?"

"नाही," सुमेधा म्हणाली.

"मंग झालं."

चावीला हात न लावता तो निघून गेला. त्याच्या मागून यशोदाबाई.

*

माफी ग्रुपवर आली. सुभाषरावांची दोन ओळींची, इंग्रजीत. सुमेधाची मराठीत, कुंदनच्या पूर्ण नावानिशी, वर बाटल्यांचा फोटो. तोच मजकूर तिनं मोठ्या अक्षरांत लिहून पंपरूमच्या दाराला डकवला, जुना कागद नखांनी खरवडून काढून. लॅमिनेशन सहजासहजी निघत नव्हतं. नख तुटलं.

रात्रीच्या आरतीनंतर ती देवासमोर बसली. नेम मोडला होता. दरवर्षी काही चुकलं की ती कान धरून क्षमा मागायची. आज त्या ओरडण्याबद्दल तिनं क्षमा मागितली नाही. कागदाबद्दल मागितली.

सकाळी दार उघडलं तर पिशवी भरलेली होती. वर बेलाची पानं, खाली तगर, अजून दवानं ओली. सुमेधा चपला न घालताच खाली धावली. यशोदाबाई फाटकाकडे तोंड करून बसली होती, गजरा गुंफत.

"यशोदाबाई..."

"देवाची फुलं हायेत ती," यशोदाबाई गजऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "देवानं काय कुनाला चोर केला नाय."

तिनं दोरा दातांनी तोडला.

"तुमाला नाय दिली, मॅडम."